परत न येणारा माल

वाळूजच्या एका कारखान्यात एक खोली आहे. तिचं तापमान बारा महिने वीस अंश असतं. मे महिन्यात तिच्या दाराखालच्या फटीशी कुत्री येऊन झोपतात.

श्रावणात घरात अंडं आणत नाहीत.

एक कीटक छापील पूर्णविरामाहून लहान असतो. तो स्वतःचं घर बांधत नाही. दुसऱ्याच्या अंड्यात अंडं घालतो आणि मूळ मालकाला आतूनच संपवतो. भाडेकरूंबद्दल बजाजनगरच्या घरमालकांचं जे मत आहे, ते याच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे.

मागच्या खरिपात पिशोरच्या शिवारात कडुबा मोकासे पाठीवरच्या पंपासकट कपाशीत खाली बसला आणि बायकोला म्हणाला, "दोन दोन बैल कुणी सोडले?" बैल एकच होता आणि तो खुंट्याला बांधलेला होता.

पॉलिश पेपर एका अंगाने गुळगुळीत असतो, दुसऱ्या अंगाने खरखरीत.

कारखान्याच्या गेटमधून गेटपासशिवाय काहीही बाहेर जात नाही. अपवाद फक्त जेवणाच्या डब्याचा.

पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, टोचायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही.

यातल्या कशाचाही कशाशी संबंध नव्हता. तो बद्रीनाथने जोडला.

*

बद्रीनाथ हा कडुबाचा धाकटा भाऊ. वाळूजला क्वालिटी खात्यात. दुसऱ्याने केलेलं काम मोजायचं आणि "बसत नाही" असं म्हणायचं, याचा त्याला पगार मिळत असे. सतरा ठिकाणी असं म्हणून झाल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपण जगात कुठेही जाऊन मोजू शकतो. शेतीतसुद्धा.

पण इथे हसण्याआधी कडुबाचं सांगायला हवं. त्या दोन बैलांनंतर तो शहरातल्या दवाखान्यात चार दिवस पडून होता. फवारणीचं विष अंगात भिनलं होतं. गावात त्याला विष म्हणत नाहीत, औषध म्हणतात. औषधाने माणूस आजारी पडला एवढंच बोललं जातं. कडुबाच्या उशाशी रत्नमाला वहिनी बसून होत्या. बद्रीनाथ फळं घेऊन गेला तेव्हा त्यांनी फळांकडे पाहिलंही नाही.

"भाऊजी, ह्यांच्या पाठीवर पुन्हा पंप नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले. काय तरी इलाज काढा."

बद्रीनाथने शब्द दिला. शब्द द्यायला काही लागत नाही. मालही लागत नाही आणि गेटपासही.

*

यंदा कडुबाने मका पेरला. मका गुडघ्याला लागला तशी लष्करी अळीही लागली. कडुबाचा फोन आला. पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लेंड्या दिसायल्या, पानांच्या चाळण्या व्हायल्या, शेजारच्या पारूबाईनं फवारून मोकळं केलं, आता तिच्या रानातली अळीची पाखरं आपल्याकडं यायली. हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "तुझा इलाज पंचमीच्या सांजपावतर आण. नाय आला तर पंप पाठीवर. मग वहिनीला काय सांगायचं ते तूच सांग."

बद्रीनाथने इलाज शोधला. शहरातल्या एका प्रयोगशाळेत ट्रायकोकार्डं मिळतात. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर बारीक वाळूसारखी चिकटवलेली पतंगाची अंडी, आणि प्रत्येक अंड्यात तो पूर्णविरामाएवढा पोटभाडेकरू. कार्ड पानाच्या खालच्या अंगाला टाचायचं. माशा बाहेर येतात, अळीच्या अंड्यात आपली अंडी घालतात, अळी जन्मालाच येत नाही. तिथल्या माणसाने बजावलं की कार्डं थंड जागी ठेवा. अंडी काळी पडली की वेळ जवळ आली म्हणायची, आणि कार्डावरचे ठिपके चालायला लागले की तुम्हाला उशीर झाला.

बद्रीनाथ कार्डं घेऊन घरी आला आणि फ्रिज उघडला.

संध्या, म्हणजे त्याची बायको, तशी समजूतदार. तिने एवढंच विचारलं की हे काय आहे. बद्रीनाथला खोटं बोलता येत नाही, त्याचा पेशाच तसा आहे. त्याने सांगितलं, अंडी.

श्रावण लागून दोन दिवस झाले होते. संध्याने दार धरून ठेवलं. बद्रीनाथने खुलासा केला की ही कोंबडीची नव्हेत, पतंगाची आहेत. खुलाशाने भलं झालं नाही. मग त्याने सांगितलं की तसं पाहिलं तर ती पतंगाचीही राहिलेली नाहीत, कारण आत एका माशीने पतंगाला खाऊन टाकलंय. त्यावर संध्याने नैवेद्याचं दूध, दही आणि खोवलेलं खोबरं बाहेर काढलं, ओट्यावर मांडलं आणि म्हणाली, "आता ठेवा. तुमचा फ्रिज, तुमची माशी. आम्ही खालच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवतो."

खालच्या मजल्यावरचा अभय लगेच सल्ला घेऊन वर आला. त्याने आयुष्यात कुंडीपलीकडे माती पाहिली नव्हती, पण शेतीचे व्हिडिओ तो जेवताना पाहतो. त्याचं म्हणणं पडलं की कार्डं माठाखाली ठेवा. त्याच्या बायकोचं म्हणणं पडलं की मुळात कार्डं नकोच, पोंग्यात राख आणि माती टाकावी. (हे दुसरं म्हणणं बरोबर होतं. रत्नमाला वहिनी तिकडे रोज सकाळी तेच करत होत्या. पण सल्ला खालच्या मजल्यावरून वर आला की त्याचं वजन कमी होतं.)

तेव्हा बद्रीनाथला ती खोली आठवली. वीस अंशांची.

*

त्या खोलीत कारखान्याची मापं राहतात. ज्या मापांवरून बाकीची मापं मोजायची, ती मापं. त्यांना उन्हाळा-हिवाळा चालत नाही, म्हणून एसी कधी बंद होत नाही. किल्ली बद्रीनाथकडे. त्याने सगळ्यात खालच्या खणात, मखमलीवर, मापाच्या ठोकळ्यांशेजारी कार्डं निजवली आणि खण लोटला. रविवारी पिशोरला जायचं होतं.

रविवारी जाता आलं नाही. पुण्याहून मोठ्या गिऱ्हाइकाकडून तपासणी येणार म्हणून सगळ्यांना कामावर बोलावलं. तपासणी नेमकी पंचमीच्या सकाळी. बद्रीनाथने हिशेब केला: दुपारपर्यंत तपासणी उरकेल, दिवस मावळायच्या आत पिशोर. खण रोज उघडून बघायचा. अंडी पिवळी होती. मग करडी झाली. पंचमीच्या सकाळी उघडला तर काळी.

आणि एक कार्ड कमी होतं.

मागे मोतीराम उभा होता. मोतीराम म्हणजे जुना फिटर, हाताला सवय अशी की गंज दिसला की घासायचा. साहेब लोक येणार म्हणून सकाळीच खोली उघडून देऊन त्याला कोपऱ्यातला जुना लोखंडी ठोकळा चकाचक करायला सांगितलं होतं.

"साहेब," मोतीराम तक्रारीच्या सुरात म्हणाला, "हा पॉलिश पेपर बोगस हाय. दोनदा घासला की समदी रेती गळून पडायली."

त्याच्या हातात कोरा पुठ्ठा होता. ठोकळ्याखाली, काळ्या दगडी मेजावर, बारीक भुकटी पसरली होती. कार्डावरच्या वीस हजार अंड्यांतली बरीच चिरडली होती. बरीच चिरडली नव्हती.

बद्रीनाथला रागावताही आलं नाही. जिला अंडी म्हणून सांगितलं तिने खोबरं उचललं, ज्याला काही सांगितलं नाही त्याने गंज काढला. चूक सांगण्याची की न सांगण्याची? या प्रश्नावर विचार करायला त्याला बरंच आयुष्य मिळालं असतं, पण तेवढ्यात दार उघडलं.

*

पुण्याच्या मॅडम आत आल्या, मागे मॅनेजर, मागे वही धरलेले दोघं. मॅडमनी भिंतीवरचं तापमान पाहिलं, मान हलवली. कपाट पाहिलं, मान हलवली. मग दगडी मेजावर बोट फिरवलं आणि बोट तसंच वर धरलं.

"तुमच्याकडची धूळ चालते आहे," त्या म्हणाल्या.

कोणीही हसलं नाही.

त्या खोलीत एक यंत्र आहे. बारीक वस्तू काचेवर ठेवली की तिची सावली समोरच्या गोल पडद्यावर मोठी होऊन पडते. दात्यांचे कोन त्यावर तपासतात. मॅडमनी बोट काचेवर टेकवून उचललं आणि दिवा लावला. पडद्यावर कावळ्याएवढी सावली उमटली. सहा पाय. झालर लावलेले पंख. सावली पडद्याच्या कडेपर्यंत चालत गेली, तिथे थांबली, काही आठवल्यासारखी परत फिरली.

मॅनेजरच्या कपाळाला वीस अंशांत घाम फुटला.

"हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये आहे?" मॅडमनी विचारलं.

बद्रीनाथने सगळं सांगितलं. भाऊ, मका, वहिनी, दिलेला शब्द, खण, श्रावण. मोतीरामचं नाव तेवढं गाळलं. मॅडम ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता, केवळ हाताच्या सवयीने, पडद्यावरच्या सावलीची लांबी मोजत होत्या. प्रत्यक्षात अर्धा मिलिमीटर भरली. मग त्यांनी विचारलं, चावते का? माणसाला नाही, बद्रीनाथ म्हणाला. त्यांनी वहीत लिहायला सांगितलं, "नियंत्रित खोलीत अनियंत्रित जीव आढळले." आणि त्या पुढच्या खोलीकडे निघाल्या.

मॅनेजर मागे थांबला. त्याचा आवाज फार हळू होता, आणि हळू आवाजातला मॅनेजर हा ओरडणाऱ्याहून वाईट. हे सगळं आत्ताच्या आत्ता कंपनीच्या बाहेर न्यायचं, बद्रीनाथलाही त्यांच्याबरोबर जायला हरकत नाही, बाकीचं उद्या बोलू.

बद्रीनाथने उरलेली कार्डं उचलली. अंगठ्याखाली काहीतरी हललं.

*

गेटवर युसूफभाई. वीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांनी कार्डं पाहिली, बद्रीनाथकडे पाहिलं, पुस्तक ओढलं.

"मटेरियल क्या लिखूं साब?"

बद्रीनाथ म्हणाला, मित्रकीटक.

युसूफभाईंनी पेन उचलून परत ठेवलं. या पुस्तकात मित्राला रकाना नव्हता. नग किती, त्यांनी विचारलं. बद्रीनाथने प्रामाणिकपणे सांगितलं, एका कार्डावर अंदाजे वीस हजार. अंदाजे चालत नाही, गेटवर गिनके लेना पडता. बरं, रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल? बद्रीनाथ म्हणाला, परत येणार नाहीत. मग तर मॅनेजरची सही लागेल. मॅनेजर मॅडमबरोबर बंद दाराआड बसलेला. ज्याने "आत्ताच्या आत्ता बाहेर न्या" म्हटलं, त्याच्याच सहीवाचून बाहेर नेता येत नाही.

"पॉलिश पेपर लिख देता मैं," युसूफभाई दयेने म्हणाले.

मग स्टोअरची सही लागेल, बद्रीनाथ म्हणाला, आणि स्टोअरवाला पंचमीला बहिणीला आणायला गेलाय. नियम त्याला युसूफभाईंइतकेच पाठ होते. त्यातले निम्मे त्यानेच सुचवलेले होते.

कार्डावर आता दोन-तीन ठिपके सरळ रेषेत चालत होते. घड्याळात दुपार कलली होती. तिकडे पिशोरला एक माणूस आभाळाकडे बघत बसला असेल, आणि एक बाई त्या माणसाकडे.

बद्रीनाथने पिशवीतून जेवणाचा डबा काढला. पंचमीला तवा नाही म्हणून संध्याने उकडलेली पुरणाची दिंडं दिली होती, तुपात निथळणारी. त्याने डबा उघडून युसूफभाईंपुढे धरला. युसूफभाईंनी एक घेतलं. मग दुसरं. खाताना त्यांनी मान मुद्दाम रस्त्याकडे वळवली. बद्रीनाथने उरलेलं दिंड स्वतःच्या तोंडात कोंबलं, रुमालाने डब्यातलं तूप पुसलं, पुन्हा पुसलं, शर्टाच्या टोकाने तिसऱ्यांदा पुसलं, कार्डं आत ठेवली आणि झाकण अर्धवट लावलं.

"डब्बा चेक नै करते हम," युसूफभाई बोटं चाटत म्हणाले. "जाओ साब."

याला लाच म्हणायचं का, यावर बद्रीनाथने शरणापूर फाट्यापर्यंत विचार केला. त्यानंतर विचार करायला सवड राहिली नाही.

*

दौलताबादच्या वेशीत कंटेनर अडकला होता. वेस जुनी, कंटेनर नवा, दोघांपैकी कोणीही मागे हटत नव्हतं. बद्रीनाथने मोटारसायकल बंद केली आणि डबा सावलीत, म्हणजे स्वतःच्या शर्टाच्या आत घेतला. आजूबाजूच्या लोकांनी ड्रायव्हरला सल्ले दिले. ते संपल्यावर बद्रीनाथला द्यायला सुरुवात केली. पोटाशी काय धरलंय? जिवंत आहे का? मग झाकण उघडा, जीव गुदमरंल. झाकण लावा, उडून जाईल. पुरणाचा वास येतोय तो कशाचा? एक म्हातारा म्हणाला की साप असेल तर आज मारू नका, आज पंचमी आहे.

बद्रीनाथने फटीतून पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मिरीची पूड उधळल्यासारखी नक्षी होती, आणि ती हळूहळू सरकत होती.

कंटेनर निघाला. खुलताबादला पावसाने गाठलं. तो थांबला नाही. वेरूळचा घाट, कन्नड, मग पिशोरचा रस्ता. सगळीकडे झाडांना झोके, झोक्यांवर माहेरी आलेल्या पोरीबाळी, आणि त्यांच्या मधून एक ओला माणूस पोटाला डबा बांधून चाललेला. त्याचा फोन खिशात वाजत होता. तो उचलायची त्याची हिंमत होत नव्हती. मॅनेजर असेल तर नोकरी, वहिनी असतील तर भाऊ.

*

कडुबा लिंबाखाली बसला होता. शेजारी बॅटरीचा पंप, पंपाशेजारी औषधाची बाटली. बाटलीचं बूच लावलेलं. पाठीवर काही नव्हतं. बद्रीनाथ तिथेच बांधावर टेकला.

"सकाळधरनं चार्जर सापडंना," कडुबा त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पारूबाईचा जावई त्यांचा आणायला गेलाय. आला की मारतो."

म्हणजे अजून वेळ होता, पण जावयाच्या मोटारसायकलीएवढाच. बद्रीनाथने डबा उघडला, खिशातून स्टेपलर काढला, पहिल्या ओळीत शिरला आणि पान हातात धरलं.

"थांब रे बाबा," बांधावरून पारूबाई म्हणाली. "आज पंचमी. पानाला टोचू नाय."

हे बद्रीनाथला माहीत होतं. लहानपणी याच दिवशी काट्याने चिंच टोचली म्हणून आईचा मार खाल्ला होता. पण हातातला स्टेपलर ठेववेना आणि दाबवेनाही. मग पंचमीला फवारा चालतो का, असं त्याने चिडून विचारलं. पारूबाईने विचार केला. फवाऱ्याचं जुन्या माणसांनी काही सांगून ठेवलेलं नाही, त्यांच्या वक्ताला फवारा नव्हता. त्यामुळे फवारा चालतो. टोचणं चालत नाही. ती हे अगदी मनापासून सांगत होती, आणि तिच्यापाशी पुण्याच्या मॅडमच्या वहीइतकाच अधिकार होता.

लांब, ओढ्याच्या पलीकडे, मोटारसायकलीचा आवाज आला.

रत्नमाला वहिनी घराकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा पदर फुगलेला होता. त्यांनी तो बद्रीनाथपुढे सोडला. दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे. लाल, निळे, पिवळे, वाळत घातलेली सगळी धुणी ओट्यावर टाकून आणलेले.

"ह्यानं टोचत नाय," त्या पारूबाईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. मग पानामागे कार्डाचा तुकडा धरता धरता बद्रीनाथजवळ आवाज उतरवून म्हणाल्या, "भाऊजी, मागल्या खेपेला चार्जर लपवला ते लई बरं केलं."

बद्रीनाथ 'मी नाही' म्हणणार होता. चार्जर त्यांनीच लपवला असं समजून तो तर आल्यापासून मनात वहिनींनाच हात जोडत होता. पण जावई बांधावर आला होता, हातात चार्जर नाचवत.

दोघांनी हात उरकला. कार्डं फाडायची, पान वळवायचं, चिमटा. मक्याच्या हिरव्या रानात रंगीत चिमटे दिसत गेले, जणू अख्खं शेत धुऊन वाळत घातलं होतं. शेवटचा तुकडा लावला तेव्हा डबा रिकामा झाला होता. त्यात बसून राहिलेल्या माशा बद्रीनाथने फुंकर मारून पोंग्यात सोडल्या.

जावयाने चार्जर कडुबाच्या हातात दिला. कडुबाने तो उलटसुलट करून पाहिला. मग बाटली उचलली, बुचाला हात घातला. बूच फिरवता फिरवता त्याने मक्यातल्या रंगीत चिमट्यांकडे पाहिलं.

"आता काय मारता," कडुबा म्हणाला, आणि बाटली खाली ठेवली. "ह्याचे पाहुणे आलेत रानात. पाहुण्यांवर फवारा मारतेत का कुठं?"

पारूबाई म्हणाली, ते मात्र बरोबर आहे, सणाचा दिवस आहे.

फोन पुन्हा वाजला. मॅनेजर होता. मॅडमनी जाताना विचारलंय, तो म्हणाला, की अशी कार्डं कुठे मिळतात. आणि तू उद्या स्वतः येऊन ती खोली पुसून काढायची, मोतीरामला हात लावू द्यायचा नाही. आठ दिवसांनी वहिनींनी फोटो पाठवला: पानामागे अळीची अंडी, सगळी काळी पडलेली. मका उभा राहिला. चिमटे मात्र सगळे परत मिळाले नाहीत.

घरचा चार्जर कडुबाने पेरणीच्या आधीच, कोणाला न सांगता, विहिरीत टाकला होता.